तेव्हा कार्टून नेटवर्क दिवसाचंच असायचं

कुणाला वाटेल की कार्टून नेटवर्क आपल्याकडे पहिल्यापासून चोवीस तास होतं. तसं नव्हतं. अमेरिकेत ते ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू झालं, भारतात १९९५ मध्ये आलं, पण फक्त दिवसा. संध्याकाळी त्याच जागी टीएनटी हे दुसरं चॅनल लागायचं, त्यावर जुने हॉलिवूडपट. दोन्ही चॅनलं अमेरिकन उद्योजक टेड टर्नर यांच्या कंपनीची. एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओच्या जुन्या चित्रपटांचा नि कार्टूनांचा साठा त्यांनी १९८६ मध्येच घेतला होता, हॅना-बार्बेरा हा कार्टून स्टुडिओ १९९१ मध्ये. म्हणून तर टॉम अँड जेरीपासून स्कूबी डूपर्यंत सगळं हाताशी होतं.

आमच्या मालवणात केबलची वायर माडांवरून आलेली. पावसात वारा सुटला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. काका मागच्या अंगणात वायर हलवायचे नि मी पडवीतून ओरडायचो, "आता दिसतंय, हलवू नका!" दिवेलागणीला आजीचं 'शुभं करोति' सुरू व्हायचं आणि तिकडे कार्टून संपायचं, जवळजवळ एकाच वेळी. ती हुरहूर अजून आठवते. इंग्रजी कळायचं नाही, पण टॉम-जेरीला भाषा लागतेच कुठे! २००४ मध्ये पोगो हे मुलांचं चॅनल आलं तोवर मी कॉलेजात पोचलो होतो.