मदत हवी आहे : फील्डचं नाव बदललं की टेम्प्लेटं मागे राहतात

नमस्कार मंडळी. देवगडच्या आंबा बागायतदारांच्या पेट्यांचा हिशोब ठेवणारं एक सॉफ्टवेअर मी सांभाळतो; ते जँगोवर (पायथन भाषेतली वेबसाइट बनवायची चौकट) लिहिलेलं आहे. व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये एफ२ दाबून मॉडेलमधल्या (डेटाबेसच्या तक्त्याची पायथनमधली व्याख्या) फील्डचं, म्हणजे रकान्याचं, नाव बदललं, तर पायलान्स हे पायथनचं एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायची पुरवणी) पायथन फाइलींत ते बदलतं, पण एचटीएमएल टेम्प्लेटांत (पानांच्या साच्यांत) जुनंच राहतं. जँगो तिथे एररसुद्धा देत नाही, जागा कोरी सोडतो. बिलावर दरच नाही, मग बागायतदार फोनवर काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही! जँगोच्या सेटिंग्जमधल्या 'स्ट्रिंग इफ इनव्हॅलिड'ने (कोऱ्या जागी ठरवलेला मजकूर दाखवणारा पर्याय) चूक दिसते खरी, पण नाव बदलून झाल्यावरच. 'सगळीकडे शोधा आणि बदला' नको, 'दर' चार मॉडेलांत आहे, नको तिथलाही बदलेल. पायचार्म हा दुसरा, जड एडिटर माझ्या जुन्या लॅपटॉपला झेपत नाही. टेम्प्लेटंही ओळखणारं एखादं हलकं एक्स्टेन्शन कोणी वापरतं का? हापूसचा हंगाम तोंडावर आलाय.