महाराष्ट्र या एकाच राज्यात मत इतकं वेगळं का? (सोसायटी ग्रुप)

ए-५०१: काका, विधानसभेला भाजप २०१४ ला २७.८ टक्के, २०१९ ला २५.७५. म्हणजे मत घटलंच ना?

बी-२०३: नाही ताई. २०१४ ला शिवसेनेशी युती तुटली होती, भाजप २६० जागा लढला. २०१९ ला युतीत फक्त १६४. जिथे उमेदवारच नव्हता, तिथलं त्यांचं मत शून्य धरलं जातं. लढवलेल्या जागांपुरतं पाहिलं तर मत वाढलंय. आधी जागा किती लढवल्या ते बघा, टक्के नंतर. आणि २००९ च्या आधीचे मतदारसंघ जुळवूच नका, पुनर्रचनेत हद्दी बदलल्या.

सी-४०४: शिवाय राज्याची सरासरी काढली की विभाग दिसेनासे होतात. १९७७ ला उत्तर भारत काँग्रेसने गमावला, विदर्भ सोबत राहिला. १९७८ ला दोन काँग्रेस लढल्या: इंदिरा काँग्रेसचं बळ विदर्भात, दुसरीचं पश्चिम महाराष्ट्रात. तोच विदर्भ २०१४ ला ६२ पैकी ४४ जागा भाजपला देतो.

ए-५०१: मग याला निष्ठा कसं म्हणायचं?

सी-४०४: निष्ठा कशाला चिकटलीय ते पाहायचं. पश्चिम महाराष्ट्रात ती सहकारी साखर कारखान्याला आहे. ऊस कधी तुटणार, पीककर्ज कुठून मिळणार, मुलाला कुठल्या संस्थेत प्रवेश, सगळ्याच्या चाव्या कारखाना चालवणाऱ्या एकाच घराकडे असतात. घराने पक्ष बदलला की तालुक्यातलं बरंच मत मागोमाग जातं. विदर्भात कापूस, सोयाबीन, धान. सहकाराची ती पकड तिथे कधी बसलीच नाही, म्हणून भाव पडले की मत मोकळं होतं.

डी-१०२: कोकणचं सांगते. राजापूरमधून मधु दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा खासदार. १९९६ ला तिथेच शिवसेना. कारण मुंबईत आहे. गावचा चाकरमानी गिरणगावात शिवसेनेच्या शाखेशी बांधला गेला आणि गणपती-शिमग्याला येताना तीच शाखा गावी घेऊन आला.

बी-२०३: वहिनी, अगदी बरोबर. आता मराठवाडा. मराठा आरक्षणाचा प्रश्न तिथेच का पेटला? विदर्भात बहुतेकांची नोंद आधीपासून कुणबी. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे, जुन्या नोंदी हैदराबादच्या दप्तरात, अनेकांना सापडत नाहीत. मागणी एकच, कुणबी म्हणून ओबीसी आरक्षण, पण नागपूरच्या कुणब्याला ती स्वतःच्या वाट्यावर आलेली वाटते आणि जालन्याच्या मराठ्याला हक्काची. दोघांना एकच भाषण देणारा नेता एकीकडे तोटा खाणारच.

ए-५०१: पण २०२४ च्या लोकसभेला मराठवाड्यात महायुतीला ८ पैकी १ जागा आणि सहा महिन्यांत विधानसभेला उलटं?

बी-२०३: नांदेड बघा. २० नोव्हेंबर २०२४, एकाच दिवशी दोन मतं. लोकसभा पोटनिवडणूक काँग्रेसने १,४५७ मतांनी जिंकली आणि त्यातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीला गेल्या. मतदार तोच, रांग तीच. दिल्लीसाठी एक आणि आमदारासाठी दुसरं मत देणारे लोक तिथे पुरेसे होते. त्यामुळे "मराठवाडा फिरला" म्हणण्याआधी कुठल्या निवडणुकीत ते विचारायला हवं.

ॲडमिन: पक्षाचा प्रचार नको. आकडे आणि कारणं चालतील.

ए-५०१: आपल्या वॉर्डाचं असं बघता येईल का?

सी-४०४: येईल. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म २० असतो, म्हणजे मतदान केंद्रानुसार कुणाला किती मतं त्याचा तक्ता. लोकसभेचाही विधानसभा मतदारसंघानुसार मिळतो, म्हणून दोन्ही शेजारी ठेवता येतात. टपाली मतं शेवटी वेगळी दिलेली असतात, ती केंद्रांच्या बेरजेत मिसळू नका.

डी-१०२: आणि केंद्र क्रमांकावरून जुळवू नका. २०२४ च्या लोकसभेनंतर केंद्रं वाढवली, क्रमांक सरकले. आपल्या शाळेचं जुनं केंद्र आता भलत्याच क्रमांकावर असू शकतं. केंद्राचं नाव, खोली आणि यादीतल्या गल्ल्या जुळवा. एखादी गल्ली दुसऱ्या केंद्रात गेली असेल तर दोन्ही केंद्रं मिळून एक बेरीज करा आणि मगच फरक काढा.