मदत हवी आहे : दीर्घिकेचा फिरण्याचा वेग आणि तिच्यातली जड मूलद्रव्ये

नमस्कार मंडळी, सर्पिल दीर्घिकांबद्दल वाचताना एका ठिकाणी गाडी अडली आहे.

देवयानी दीर्घिका सेकंदाला सुमारे २५० किमी वेगाने फिरते, एम ३३ ही शेजारची लहान सर्पिल दीर्घिका साधारण त्याच्या निम्म्याने. एम ३३ च्या वायुमेघांत ऑक्सिजनही कमी. वेग जास्त म्हणजे वस्तुमान जास्त, म्हणून सुपरनोव्हांनी (ताऱ्यांच्या स्फोटांनी) उधळलेला, जड मूलद्रव्ये असलेला वायू निसटत नाही, हे पटतं. पण लहान दीर्घिका मुळात तारेच सावकाश बनवतात, असंही कारण देतात. यातलं वजनदार कारण कोणतं?

खरा गोंधळ आपल्या आकाशगंगेचा आहे. तिच्या ताऱ्यांची एक पातळ तबकडी आहे आणि तिच्या वर-खाली पसरलेली एक जाड तबकडी. सूर्याजवळच्या पातळ तबकडीत जास्त धातू असलेले तारे किंचित हळू फिरतात. ते आतल्या भागात जन्मलेले, कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) कमी, म्हणून इथे आल्यावर मंद, इथवर ठीक. (लोह काय, ऑक्सिजन काय, खगोलशास्त्रात हायड्रोजन-हेलियम सोडून सगळे धातूच!) मग जाड तबकडीत नेमकं उलटं का? तिथे धातू जास्त असलेले तारेच वेगवान आहेत.

ताऱ्यांची स्थानं आणि वेग मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या आकडेवारीवरून वेग आणि धातूंचं प्रमाण यांचा आलेख स्वतः काढायचा आहे. दोन तबकड्यांचे तारे वेगळे करायला मॅग्नेशियम-लोह गुणोत्तर वापरू की नुसता वेग? वेगावरूनच निवडले तर उत्तर आधीच ठरून जाईल, अशी धास्ती वाटते. कुणी हे केलंय का?