मदत हवी आहे: पोषण शिकवणाऱ्या ताई स्वतःची तब्येत कशी सांभाळता?

नमस्कार. मी पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. जेवणासोबत चहा नको, लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा. हे गरोदर बायांना सांगणं माझं रोजचं काम. नुकतंच शिबिरात माझं हिमोग्लोबिन तपासलं, ९.४ निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं किमान १२ हवं. गोळ्या सुरू केल्या आहेत, पण दिनक्रम तोच राहिला तर पुन्हा तेच होणार.

सकाळी चहा-बटर खाऊन निघते. अमृत आहाराची, म्हणजे गरोदर-स्तनदा मातांच्या गरम जेवणाची, ताटं वाढायची, अंडी सोलून द्यायची, मग मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपच्या नोंदी (रेंज मिळाली तर), मग गृहभेटी. घरी जेवायला तीन वाजतात, तेही उरलंसुरलं.

या कामाने घरात चांगलंही खूप आलं, तेही सांगायला हवं. मुलगी शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी दर आठवड्याला न चुकता घेते. सासूबाई आता सुनेनं आधी जेवावं म्हणतात, सुट्टीच्या दिवशी तरी. त्यामुळे काम सोडायचा विचार नाही.

जास्त त्रास मनाला होतो. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर जातात. जाताना दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर पिवळ्यात (मध्यम कुपोषण) असलेलं एक पोर होळीला परत आलं तेव्हा पट्टी लाल, ११.५ सेंमीच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषण. त्याची आई म्हणाली, “ताई, तुमचं सगळं पटतं, पण भट्टीवर शिजवायला वेळ कुठे मिळतो?” तिला काय उत्तर देणार? तेव्हापासून रात्री दोन-तीनला जाग येते आणि तेच पोर डोळ्यांसमोर येतं. बैठकीत वजनं, टक्केवारी विचारतात. सेविकेला झोप लागते का, हे कुणी विचारत नाही.

मेळघाट, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या ताईंनी जरूर लिहा. केंद्रावर स्वतःच्या जेवणाची वेळ कशी बसवलीत? मदतनीस आणि तुम्ही आळीपाळीने जेवता का? बीटमधल्या (एका पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या) सेविकांनी मिळून मन मोकळं करायला काही सुरू केलंय का? ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशकाकडे कुणी स्वतःसाठी गेलं असेल तर तो अनुभवही हवा आहे. आणि स्थलांतरित पोरांचा पाठपुरावा भट्टीच्या गावातल्या सेविकेकडे सोपवणं कुणाला जमलं असेल, तर नेमकं कसं केलंत ते आधी सांगा. माझी अर्धी काळजी तिथेच मिटेल.