चित्र ‘अंगावर येतं’ म्हणजे नेमकं काय?

२०२१ साली लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात चित्रकार पॉला रेगोचं मोठं प्रदर्शन पाहिलं होतं. जन्म पोर्तुगालमधल्या लिस्बनचा, हयात बरीचशी लंडनमध्ये. पुढच्याच वर्षी ती गेली. परवा त्यावर टिपण लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात अडकले. ‘अस्वस्थ करणारी चित्रं’ लिहिलं, खोडलं. अस्वस्थ तर मी बस चुकली तरी होते. ‘भेसूर’ म्हणावं तर भुताखेतांचा वास येतो. ‘बीभत्स’ला किळस लागते, ती इथे नाही. शेवटी सुचलं: अंगावर येणारी.

‘डॉग वुमन’ (१९९४) घ्या. पेस्टलमधली, म्हणजे रंगखडूंनी काढलेली, दणकट बाई, ओणवी, तोंड वासलेलं. कुत्रं वसकन अंगावर येतं तसं अगदी. पण सगळ्याच चित्रांना हे चालेल का?

— ‘अंगावर काटा आणणारी’ म्हणा की सरळ.

— काटा थंडीनेही येतो हो.

— वसकन येणं हा हल्ला झाला. ‘सगळं घर तिच्या अंगावर आलं’ यात हल्ला नाही, भार आहे. तुम्हाला कुठला अर्थ हवाय?

— भाराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती चित्रं तशीच आहेत. १९९८ मध्ये पोर्तुगालमध्ये गर्भपाताला मुभा द्यावी का यावर सार्वमत झालं. निम्म्याहून जास्त लोक मतदानाला फिरकलेच नाहीत आणि प्रस्ताव थोडक्यात पडला. रेगो भडकली. तिने चोरून पोट पाडणाऱ्या बायकांची पेस्टल मालिका काढली. रक्त कुठेही नाही. शाळेच्या गणवेशातली पोर, एक बादली, पलंग. रडारड नाही, कुणीकुणी तर थेट आपल्याकडेच बघते. या बायका धावून येत नाहीत. त्या दुखणं अंगावर काढतायत. ‘येणं’ बघणाऱ्याच्या वाट्याला, ‘काढणं’ त्यांच्या.

— जाता जाता: ‘पोट पडलं’ आणि ‘पोट पाडलं’ यात एका कान्याचा फरक. ‘गर्भपात’ला तो भेद कळत नाही, झाला की केला हे पुढच्या क्रियापदाने सांगावं लागतं. माझी आजी मात्र दोन्हींना ‘पडलं’च म्हणायची. तो कानाही बायका अंगावरच काढत असणार.

— वा, आजी! तिकडे २००७ च्या दुसऱ्या सार्वमतानंतर दहा आठवड्यांपर्यंत परवानगी मिळाली. रेगोने त्या मालिकेतली चित्रं पुढे एचिंगमध्येही केली, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून, छापून अनेक प्रती निघाव्यात म्हणून. नाव मात्र एकालाही दिलं नाही, नुसतं ‘अनटायटल्ड’. त्याला मराठीत ‘शीर्षकहीन’ लिहू की ‘बिननावाचं’? ‘हीन’ नको वाटतं.

— बिननावाचं.