प्राणिसंग्रहालयातली पाटी कोण वाचतं?

पायवाट:
परवा पुतण्याला घेऊन प्राणिसंग्रहालयात गेले होते. वाघाच्या काचेपुढे अर्धा तास काढला. वाघ भिंतीलगत फेऱ्या घालत होता. तीच वाट, तेच वळण, त्याच दगडापाशी मान झुकवायची. चालून चालून गवत झिजून मातीचा पट्टा उघडा पडलेला. बाजूच्या पाटीवर आहार, अधिवास, गर्भकाळ सगळं नीट लिहिलेलं. अर्ध्या तासात पाटीपाशी थांबलेली माणसं मोजली: तीन. त्यातला एक पाटीला टेकून बुटाची नाडी बांधत होता.

पलीकडे समुद्रसिंहांचा खेळ चालू होता, तिथे मात्र पाय ठेवायला जागा नाही.

घरी आल्यावर पुतण्याला विचारलं, काय शिकलास? म्हणाला, "वाघ गोल गोल फिरतो." त्याला जे दाखवलं तेच तो शिकला, त्याची काय चूक! शिक्षण पाटीत नसतं, बांधकामात असतं असं माझं मत झालंय. खेळ बंद करा आणि तो पैसा प्राण्यांच्या जागेवर घाला.

खवचट_खार:
असहमत. लोक सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन येतात ते मजा करायला. त्यात कमीपणा कसला? खेळ बंद केलात की गर्दी आटली, गर्दी आटली की पैसा आटला. मग वाघाची जागा वाढवणार कशातून? आणि समुद्रसिंह उडी मारतो तेव्हाच पोराला कळतं की हा बोजड दिसणारा प्राणी पाण्यात किती चपळ असतो. पाटीवर ते कळलं असतं?

उंबरठा:
बांधकामाचा मुद्दा निघालाच आहे तर आमच्या जमातीची (आर्किटेक्ट) एक फजिती सांगतो. लंडन झूमधला १९३४ चा पेंग्विन पूल, आर्किटेक्ट लुबेत्किन आणि त्याच्या 'टेक्टन' गटातल्या मंडळींनी बांधलेला. काँक्रीटचे दोन नागमोडी उतार एकमेकांना वळसा घालून खाली येतात, रंगमंचच म्हणा. आम्हाला कॉलेजात त्याचे फोटो दाखवून भारावून टाकलं होतं. पेंग्विनांच्या पायांना मात्र ते काँक्रीट मानवलं नाही आणि २००४ मध्ये त्यांना तिथून हलवलं. वास्तू वारसा म्हणून जपलेली आहे, रिकामी.

त्याआधी १९०७ साली हॅम्बुर्गजवळ प्राण्यांचा व्यापारी कार्ल हागेनबेकने आपल्या प्राणिसंग्रहालयात गज काढून खंदक खणले आणि जनावर मोकळं *दिसू* लागलं. नुसतं दिसू लागलं, हं. खंदक आपल्या डोळ्यांसाठी होता. १९७० च्या दशकाच्या शेवटी सिएटलच्या वुडलँड पार्कमध्ये गोरिलांसाठी झाडझाडोऱ्याची जागा केली, तिथे कुठे प्राण्याला आपल्या नजरेआड जायची सोय झाली.

शेंडेफळ:
नजरेआड? अहो दादा, मग बघायचं काय, झुडूप? मी तासभर थांबून बिबट्याची शेपटीसुद्धा न पाहता परतलेय. बरोबरची पोरं शेवटी मुंग्या बघत बसली. (मुंग्या छान होत्या, ते सोडा.)

उंबरठा:
जंगलातही बिबट्या दिसत नाहीच, ताई. तोच धडा.

खवचट_खार:
पाहुण्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं आणि त्याला धडा म्हणायचं, वा!

रानभूल:
तुम्ही सगळे बघणाऱ्यांचंच बोलताय. अरबी ऑरिक्स (वाळवंटातला हरणासारखा प्राणी) १९७२ मध्ये निसर्गातून संपला. १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडला तो प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या कळपांमुळे. त्यासाठी कुणी पाटी वाचायची गरज पडली नाही. प्रजनन हे खरं काम, आपण फक्त तिकीट काढायचं.

पायवाट:
ऑरिक्सचं उदाहरण दरवेळी निघतं, कारण अशी उदाहरणं मोजकीच आहेत. पिंजऱ्यातल्या बहुतेक प्राण्यांना कोणी कधी सोडणार नाहीये. तो वाघ त्याच पट्ट्यावर म्हातारा होणार.

रानभूल:
आणि निव्वळ शिक्षण हवं असेल तर कोपनहेगनचं प्राणिसंग्रहालय आठवा. फेब्रुवारी २०१४, मारियस नावाचा दोन वर्षांचा निरोगी जिराफ. त्याच्यासारखी जनुकं प्रजनन कार्यक्रमात आधीच भरपूर होती म्हणून त्याला मारलं, मुलांसमोर चिरून दाखवलं आणि मांस सिंहांना घातलं. जगभर संताप उसळला.

शेंडेफळ:
मला अजूनही ते बघवत नाही. पण लपवाछपवी केली नाही, एवढं मानते.

खवचट_खार:
म्हणजे शिक्षणालाही प्रेक्षक लागतातच. मग समुद्रसिंहाने काय घोडं मारलंय?

पायवाट:
खारूताई, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. त्याच दिवशी हत्तींपाशी एका रखवालदाराने हत्तीची जुनी दाढ हातात दिली. विटेएवढी, वर धुणं घासायच्या दगडासारख्या आडव्या रेघा. म्हणाला, हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की चावणं संपलं, आणि मग हत्तीही. पुतण्या त्या रेघांवरून बोट फिरवत राहिला. रात्री झोपताना विचारतो, "त्या हत्तीचा आता कितवा चालू असेल?"

खवचट_खार:
गर्दी जमली होती का दाढेभोवती?

पायवाट:
बरीच.

खवचट_खार:
मग झाला की तोही खेळच!

पायवाट:
झाला. फक्त त्यात हत्तीला काही करावं लागलं नाही. तो मागे पाठ करून गवत खात होता.