कुत्र्यांच्या बोर्डिंग-ट्रेनिंगचे अनुभव हवे आहेत (पुणे), पण घरी आणल्यानंतरच्या तीन आठवड्यांचे

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे. थोडं लांबण लावते, पण सगळं सांगितल्याशिवाय मला नेमकं काय विचारायचंय ते कळणार नाही.

आमच्याकडे बुंदी आहे. अडीच वर्षांची गावठी कुत्री, ऑपरेशन झालेली, वजन १७ किलो. वारज्याला पुलाखाली सापडली तेव्हा दीड महिन्याची होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीला माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मला तिथे किमान १२ दिवस राहावं लागणार. वॉकर धरून पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या पायात कुत्रं येऊन चालणार नाही, म्हणून तिला सोबत नेता येत नाही. नवऱ्याची नोकरी फिरतीची. घरी सासूबाई असतात, त्यांचा बुंदीवर जीव आहे, पण बुंदी पट्टा ओढते आणि त्यांना तिला खाली नेणं जमत नाही. म्हणजे पुन्हा बोर्डिंग आलं, आणि या वेळी माझा हातच पुढे होत नाहीये.

कारण गेल्या दिवाळीचा अनुभव. घराला रंग काढला होता, आणि फटाके सुरू झाले की बुंदी बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसते, खात-पीत नाही. म्हणून शहराबाहेरच्या एका फार्मवर १० दिवस ठेवलं. बोर्डिंग आणि ट्रेनिंग एकत्र, १४ हजार रुपये. जागेचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण आत काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मला भांडायचं नाहीये, पुढचा निर्णय नीट घ्यायचाय.

आणायला गेलो तेव्हा ती आंघोळ घालून, पावडर लावून तयार होती. आत कुठे ठेवतात ते बघायचं होतं, तर ‘बाकीची कुत्री भुंकतात, आत नको’ म्हणाले. मग ट्रेनरने पट्टा हातात घेतला, ‘सिट’ म्हणाला, आणि जी मुलगी घरी चार मिनिटं एका जागी बसत नाही ती खटकन बसली. मी व्हिडिओ काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी कौतुक केलं. त्याच संध्याकाळी गूगलवर मी पाच तारे देऊन भरभरून लिहिलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या कानात आणि पुढच्या पायांच्या बोटांमध्ये गोचिडी सापडल्या. अकरा काढल्या. स्पॉट-ऑन (मानेवर टाकायचं गोचिडीचं औषध) लावलं आणि विषय संपला असं वाटलं. अकराव्या दिवशी तिने दहीभात सोडला. दहीभात! हात लावला तर अंग तापलेलं, हिरड्या पांढुरक्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स ४६ हजार. कुत्र्याच्या निरोगी रक्तात दोन लाखांच्या पुढे असतात. टिक फीवर, म्हणजे गोचिडीतून येणारा, एर्लिकिया नावाच्या जिवाणूचा ताप. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, तीही पोट भरलेलं असतानाच द्यायची, आणि तिला तर खायची इच्छाच नाही. एकेक घास हाताने भरवला. आता बरी आहे.

ताप उतरला, दुसरी गोष्ट राहिली. सासूबाईंनी एकदा जाळी काढायला झाडू वर केला आणि बुंदी आहे तिथे, अंग जमिनीला टेकवून, शू करून बसली. हे घरात यापूर्वी कधी झालेलं नव्हतं. त्या रात्री मी तो ‘सिट’वाला व्हिडिओ पुन्हा लावला. आवाज बंद करून, हळू करून पाहिला. ती ट्रेनरच्या तोंडाकडे बघतच नाहीये. तिची नजर त्याच्या उजव्या हातावर आहे. कान मागे, शेपूट पोटाखाली, आणि बसायच्या आधी दोनदा जिभेने ओठ चाटते. मी समोर उभी होते आणि मला यातलं काही दिसलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. डॉक्टरांनी सांगितलं की गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण ८ ते २० दिवस जातात. मी त्या जागेचे रिव्ह्यू पुन्हा वाचायला घेतले. ‘आजच घेऊन आलो’, ‘बाळ खूश आहे’, ‘आल्या आल्या शेकहॅंड देतो’. जवळपास सगळे त्याच दिवशीचे, माझ्यासारखेच. लोक खोटं लिहीत नाहीत, फक्त फार लवकर लिहितात. (मी माझा रिव्ह्यू बदलला. रक्ताच्या रिपोर्टमध्ये आहे तेवढंच आणि तारखा लिहिल्या.)

म्हणून विनंती आहे की ‘छान जागा आहे, डोळे मिटून ठेवा’ एवढंच लिहू नका. ज्यांनी कुत्रं किमान आठवडाभर ठेवलंय त्यांनी घरी आणल्यानंतरच्या तीन आठवड्यांत काय दिसलं ते सांगा. वजन, खोकला, गोचिडी, झोप, हात वर केल्यावर काय करतं. रात्री तिथे माणूस मुक्कामाला असतो का, हे कुणी खात्री करून घेतलंय का? फार्म बरं की कुणाच्या घरी ठेवलेलं बरं? आणि हाताची ही भीती जाते का हो? गेली असेल तर किती दिवसांत?

प्रतिसाद १

ताई, वाचून पोटात गोळा आला. आमचा लॅब्राडोर नऊ वर्षांचा आहे, तीन वर्षांपासून कोथरूडमध्ये एका जोडप्याच्या घरी ठेवतो. एका वेळी तीनच कुत्री घेतात. पहिल्यांदा विचारायला गेलो तेव्हा त्यांनी लसीकरणाचं कार्ड बघितलं आणि केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस नाही म्हणून सरळ नाही म्हणाले. तेव्हा राग आला होता. आता वाटतं की जो माणूस येणारे पैसे परत पाठवतो, त्याच्याकडेच ठेवावं. ही लस जायच्या आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही, आधी सोय करा.

त्याआधीच्या जागेहून आणल्यावर सहाव्या दिवशी याला खोकला लागला. घशात हाड अडकल्यासारखा, कोरडा, बदक ओरडावं तसा. आम्ही रात्री बारा वाजता तोंड उघडून बॅटरीने बघत होतो. केनेल कफ होता. तोही दोन दिवसांत दिसू शकतो किंवा दोन आठवड्यांनी. तुमचा तीन आठवड्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर.

प्रतिसाद २

मी सात वर्षं ट्रेनिंग करतो, म्हणून या विषयावर बोलतो. व्हिडिओ न बघताही तुमच्या वर्णनावरून सांगतो, ते कुत्रं शिकलेलं नाही, घाबरलेलं आहे. शिकलेलं कुत्रं तोंडाकडे बघतं, पुढे काय मिळणार म्हणून. कुठल्याही ट्रेनरला एकच प्रश्न विचारा: ‘कुत्र्याने ऐकलं नाही तर तुम्ही काय करता?’ उत्तरात झटका, चोक चेन (गळा आवळणारी साखळी), ‘बॉस कोण ते दाखवावं लागतं’ असलं काही आलं की उठून या. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या वर्तनविषयक संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली आहे की कुत्र्यांना बक्षीस देऊनच शिकवावं, मार आणि वेदना नकोत. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे ते ऑनलाइन सर्रास मिळतात.

दुसरं, कुत्रं ठेवून घेऊन शिकवायचं काम मी बंद केलं. तिथे ते माझं ऐकायचं, घरी जाऊन चार दिवसांत पुन्हा मूळपदावर, कारण घरच्यांना कुणी शिकवलेलंच नसायचं.

हाताची भीती जाते. घाई नको. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे करा. आधी हात कमरेइतकाच उचला, लगेच तुकडा जमिनीवर टाका. तिच्यावर वाकू नका, बाजूला तोंड करून बसा. ती हात उचलल्यावर तुकडा शोधायला लागली की मगच हात थोडा वर. झाडू शेवटी, आणि सुरुवातीला तोही जमिनीवर आडवा ठेवलेला. हे सासूबाईंनीच करायला हवं, कारण भीती त्यांच्या हाताशी जोडली गेली आहे. आठ दिवसांत फरक दिसेल, पूर्ण जायला काही महिने धरा.

प्रतिसाद ३

कायद्याचं थोडं. मारहाण, हलता येणार नाही असा पिंजरा, आखूड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं, हे सगळं प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये येतं. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. त्यामुळे व्यवहार म्हणून बघायचं तर ग्राहक आयोग जास्त उपयोगाचा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा. पावती, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, डॉक्टरांचे कागद तारखेसकट जपून ठेवा. तुम्हाला भांडायचं नाही हे कळलं, तरी कागद जपा. आणि कुठेही ठेवताना सोडायच्या दिवशी तिथेच, त्यांच्यासमोर वजन करून फोटो काढा.

प्रतिसाद ४

एक विचारू का? सासूबाई घरीच आहेत, जेवण त्या घालू शकतात, बुंदीला घर सवयीचं आहे. अडचण फक्त दोन वेळा खाली नेण्याची आहे. मग तिला घरातून हलवायचंच कशाला? फिरवून आणणारं कुणी बघा ना. आमच्या सोसायटीत एक कॉलेजची मुलगी तीन कुत्री फिरवते. फक्त आत्तापासून ठेवा, तुम्ही घरी असताना. आणि गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घ्या, ओढणाऱ्या कुत्र्याला समोर, छातीवर कडी असलेला. गावठी कुत्री घाबरली की मान मागे घेऊन पट्ट्यातून निसटतात, तेव्हा दोन्ही लावा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४, मी डिसेंबरपासून जागा शोधतेय आणि हे डोक्यातच आलं नव्हतं. मी ‘कुठे ठेवू’ हाच प्रश्न धरून बसले होते.

प्रतिसाद २, चिकनचा प्रयोग सासूबाईंना वाचून दाखवला. त्या स्वतः मांसाहार करत नाहीत, तरी म्हणाल्या, ‘माझ्या हाताला भ्यायली ना, मग मीच देणार.’ हातात पिशवी घालून तुकडे टाकतात.

धागाकर्ती (१६ दिवसांनी)

अपडेट द्यायचा राहिला होता. शेजारच्या सोसायटीतली एक मुलगी सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला येते, महिना ४ हजार. पहिल्या दिवशी बुंदी फाटकाबाहेर गेलीच नाही, मुलगी अर्धा तास तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिली. ओढलं नाही. तेव्हाच मी मनात हो म्हटलं. पाचव्या दिवशी कोपऱ्यापर्यंत, आता नाल्याकडच्या रस्त्याने पाऊण तास. सहाला पाच कमी असताना दाराशी जाऊन बसते.

हात खांद्यापर्यंत उचलला तरी आता बसत नाही, जमिनीवर हुंगायला लागते. झाडू अजून आडवाच आहे.

तरी अचानक सासूबाई आजारी पडल्या तर, म्हणून प्रतिसाद १ मधल्या जोडप्याकडे जाऊन आले (व्यक्तिगत निरोप मिळाला, धन्यवाद). आतल्या खोलीपर्यंत नेलं, कुत्री कुठे झोपतात ते दाखवलं. केनेल कफची लस दिली आहे, पुढच्या शनिवारी एक रात्र ठेवून बघणार. गोचिडीची तीन महिन्यांची गोळीही दिली. पण डॉक्टर म्हणाले, या गोळीने गोचीड चावल्यावर मरते, म्हणून हाताने बघणं सोडू नका.

ते काम सासूबाईंनी घेतलं आहे. संध्याकाळी फिरून आली की चष्मा लावून, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवून, कान, बगला, प्रत्येक बोटाची फट. काल एक सापडली, डाव्या पायाच्या मधल्या बोटात. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, पुढचे २० दिवस मोजायला.